पहिली फेरी

लिफ्टच्या दाराला झेंडूचं तोरण लागलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी कात्री कुंदाताईंच्या हातात दिली. “फीत तुम्हीच कापायची. लिफ्टसाठी एवढं भांडलं कोण?”

भांडल्या होत्याच. प्रत्येक मीटिंगला त्या चौथ्या मजल्यावरून उतरून यायच्या आणि अर्धांगवायूने घरात अडकलेल्या आपल्या नवऱ्याचा, नानांचा, विषय काढायच्या. “गणपतीची आरती इथे अंगणात होते आणि हे वर एका हाताने खिडकीच्या गजावर ताल धरतात. त्यांना एकदा खाली आणायचंय.” तळमजल्यावरचे धारप दरवेळी आडवे यायचे. ते कसेबसे राजी झाले, तर कुंदाताई लिफ्टच्या रुंदीवर अडून बसल्या. शेवटी त्यांनी व्हीलचेअरच मीटिंगमध्ये आणून मधोमध ठेवली, तेव्हा कुठे मोठी लिफ्ट मंजूर झाली.

काम संपतच आलं होतं. पण गेल्या महिन्यात नाना खाली आले ते जिन्यानेच, चौघांच्या खांद्यावर. त्यातला एक खांदा धारपांचा होता.

फीत कापली, टाळ्या वाजल्या. पहिल्या फेरीला सेक्रेटरी आणि धारप कुंदाताईंच्या मागोमाग आत आले. कुंदाताई कोपऱ्यात अंग चोरून उभ्या होत्या, पाठ भिंतीला घट्ट टेकून.

“अहो, पुढे या की. केवढी जागा आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

त्या हलल्या नाहीत. त्यांच्यापुढे बरोब्बर व्हीलचेअरपुरती जागा मोकळी होती. धारपांनी ती पाहिली, आणि पाऊल मागे घेऊन तेही भिंतीला चिकटून उभे राहिले.