फाइनचा अर्थ

ताईच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ती आजारी होती आणि मी शब्दकोशाच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेलो. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या ताईने लिहिलं होतं, "मी फाइन आहे रे, पुस्तकी किड्या! कुठल्या अर्थाने, ते तुझ्या कोशात शोध. सापडला की ये."

मी हसलो. छान, तलम, दंड. त्यातला 'छान' मी माझ्या सोयीने उचलला आणि गेलो नाही.

ताईला जाऊन महिना झाल्यावर त्या शब्दाची व्युत्पत्ती लिहायला घेतली. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निघाला, 'शेवट'.

आज तिच्या कुलूपबंद घराच्या पत्त्यावर उत्तर टाकलं.



"ताई, अर्थ सापडला. आता येऊ का?"