पाव्हण्यांपुढं ऑफसाइड

“पाव्हण्यांपुढं फुटबॉलचं नाव काढलंस तर तंगडं मोडीन!” अनसूयाबाईंनी नातीला बजावलं. ती पेठेच्या संघाची गोलकीपर, आणि एवढ्याच कारणानं आधीचं स्थळ हातचं गेलं होतं.

पोह्यांच्या बश्या फिरल्या. मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, “वर्ल्ड कपची पहिली मॅच आहे, लावता का?”

टीव्ही लागला. नात ओठ दाबून बसली. पडद्यावर एक गडी गुडघा धरून लोळायला लागला.

“एवढं तर मी बाळंतपणात वरडले न्हाई,” अनसूयाबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात हिरव्यांनी गोल मारला आणि लाइन्समननं झेंडा वर केला.

“चांगला गोल होता की! आंधळा मेला!” मुलाची आई ओरडली.

“त्यो कशाचा आंधळा? पास सुटला तवा गडी सगळ्यांच्या फुडं हुता. तुमचंच डोळं हाईत का बटणं?”

बोलून गेल्यावर अनसूयाबाईंनी जीभ चावली. मुलाची आई बशी ठेवून उठली. झालं, हेबी स्थळ गेलं!

ती बाई तरातरा आली आणि त्यांच्या शेजारीच टेकली.

“परत दाखवतायत, आता नीट बघू. लग्नाचं मध्यंतरात बोलू. सरका जरा.”