अर्धी भाकरी

"गटातल्या एकीला जरी कळलं नसेल, तरी उत्तराचा कागद घेणार नाही," असा ढवळेबाईंचा नियम होता. बाकीच्या गटांचे कागद आले. सुरंगीच्या गटाचा मात्र अडला.

गणितात कायम मागे पडणारी सुरंगी हटून बसली होती. "अर्ध्याला पावाने भागलं तर उत्तर दोन? वाटून वाढेल कसं?"

"अगं, पाव उलटा करायचा नि गुणायचं. बाईंनीच सांगितलंय ना!" शेजारची वैतागली.

"पण का?"

मागे उभ्या बाई चमकल्या. वीस वर्षांत हे 'का' कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनीही नाही.

सुरंगीने डब्यातली अर्धी भाकरी काढली, मधोमध मोडली नि बघतच राहिली. "अगं, अर्धीत पाव भाकरी दोनदा बसते!"

बाईंनी त्यांच्यातच मांडी घातली. "सुरंगे, पुन्हा सांग. माझाही कागद राहिलाय."