हाताची सवय

इंदूबाई कासारणीच्या यांत्रिक हातातली चिप जळाली, आणि ती बनवणारी कंपनी तर कधीच बुडाली होती. पण इतक्या वर्षांत हात जे शिकला, ते कुठल्याही एका चिपच्या बोलीत नव्हतं. सगळ्या चिपांना उलगडून देता येईल अशा मधल्या भाषेत जपलेलं होतं. हात दुरुस्त करणाऱ्या वृंदाने ते खेळण्यातल्या चिमुकल्या चिपमध्ये उतरवलं.

“एवढ्याशा जिवाला पेलेल ना?” म्हणत तिने स्वतःचाच हात पुढे केला.

यांत्रिक बोटांनी तिचा पंजा हलकेच दाबला, काचेची बांगडी चढवायला घेतली, आणि अंगठ्याच्या हाडापाशी बोटं थबकली. हलेचनात.

“अडकला!” वृंदाचा चेहरा पडला.

“अडकतोय कसला!” इंदूबाई हसल्या. “माझाच हात आहे हा. अगं, तू श्वास रोखून धरलायस. तू सोडायची वाट बघतोय तो.”

वृंदाने श्वास सोडला. बांगडी अलगद मनगटावर आली.