बोटभर कमी

जुन्या वस्तूंच्या पारख्याने बाकाला चुंबक लावला. तो चटकन चिकटला, तसा थोरलीच्या जिवात जीव आला. हल्ली हलक्या धातूचे बाक जुने म्हणून गळ्यात मारतात, हे तिने ऐकलं होतं. मग त्याने बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, कान लावला आणि मान डोलावली.

"बीडच आहे. ओतीव लोखंड. तडा कुठे नाही."

"सांगत होते ना मी," थोरली म्हणाली.

घरापुढच्या दगडी फरशीवर तो बाक उभा होता, पाठीवर वेलाची नक्षी असलेला, नखशिखान्त बिडाचा. दाराशी खुर्चीत आई शाल पांघरून बसली होती. 'घर धाकट्याचं, बाक थोरलीचा' हे आईचं वाक्य थोरली शाळेत असल्यापासून ऐकत आली होती. वडील होते तेव्हा एक गृहस्थ रस्त्यावरून जाता जाता थबकले होते आणि भरमसाट किंमत बोलून गेले होते. तेव्हापासून बाकाचा घरात मान वाढला. थोरलीचा काही वाढला नाही. तिचं लग्न आधी वडिलांच्या आजारपणासाठी लांबलं, मग आईच्या, आणि मग विचारणारेच उरले नाहीत. गरीब गाय आहे बिचारी, असं नातेवाईक कौतुकाने म्हणत. कौतुकाला काय, पैसे पडत नाहीत.

आता धाकट्याने घर विकलं होतं. "तू पण आमच्याकडेच ये की," तो म्हणाला होता. "आईचं करायला कोणीतरी हवंच." वहिनी तेव्हा त्याच्या मागे उभी राहून छताकडे बघत होती. थोरलीने तिथल्या तिथे ठरवलं, बाक विकायचा आणि भाड्याने का होईना, स्वतःची एक खोली घ्यायची. लहान चालेल, पण दाराची कडी आतून आपण लावायची. आईची खाट खिडकीशी ठेवायची, हेसुद्धा ठरून गेलं होतं.

पारखी आता गुडघे टेकून नक्षीवरून अंगठा फिरवत होता. त्याने फरशीकडे बोट दाखवलं.

"हे डाग कसले?"

प्रत्येक पायाखाली गंजाचं तांबूस कडं उमटलं होतं. डावीकडे एकेकच होतं. उजवीकडे मात्र दोन-दोन होती, एकमेकांत अडकलेली. बाकाचे पाय आतल्या कड्यांवर होते आणि बाहेरची रिकामी होती.

थोरली ओशाळली. "ते माझ्यामुळे. फरशी धुताना सरकतो. उजवी बाजू कड्यात बसवली की डावी सुटते. इतकी वर्षं झाली, मेलं नीट जमतच नाही मला."

"जमणारच नाही, ताई. त्या कड्यांतला बाक हा नव्हे." पारखी हात झटकत उठला. "जुना बाक वाळूत दाबून साचा घेतात आणि त्यात नवं बीड ओततात. बीड थंड होताना आकसतं. त्यामुळे नक्कल अस्सल बाकापेक्षा बोटभर कमी भरते. पानांच्या शिरा बघा, कशा बुजल्यात. याला भंगाराचा भाव येईल, बस."

भरवशाच्या म्हशीला टोणगा, तो असा. थोरली मटकन त्याच बाकावर बसली. पारख्याने चुंबक खिशात टाकला आणि नमस्कार करून तो निघून गेला.

बाक घराबाहेर गेला होता तो एकदाच. धाकटा लांब शिकायला गेला त्या वर्षी. थोरली तेव्हा मावशीची शुश्रूषा करायला तिच्या घरी राहिली होती. परत आली तर बाक हिरव्या रंगात चकाकत होता. "तुझाच आहे ना, म्हटलं रंगवून आणावा," आई म्हणाली होती. आणि थोरली लहान मुलीसारखी आईच्या गळ्यात पडली होती.

ती फार दुखावली. पण आरडाओरडा करणं तिला कधी आलंच नव्हतं.

"त्याच्या शिक्षणासाठी विकायचाय म्हणाली असतीस, तर मीच दिला असता, आई. मला विचारलं का नाहीस?"

आईने शालीचा एक सुटलेला दोरा ओढला.

"तू जन्मात कधी काही मोजून घेतलं नाहीस गं," ती म्हणाली. "मला वाटलं, हेही मोजणार नाहीस."