शनीचं कडं

वाळूजची नोकरी गेली, पाठोपाठ ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून सोमनाथचा जीव रमायचा तो फक्त पडेगावच्या घरामागं, दुर्बिणीला मोबाइल लावून चंद्राचे नि ग्रहांचे फोटो काढण्यात. नळीच्या तळाशी बसवलेल्या आरशाला तो स्वतःचं बोटसुद्धा लागू देत नसे.

शुक्रवारी दिवेलागणीनंतर शनीचा फोटो पहिल्यांदाच कड्यासकट लख्ख आला. कित्येक महिन्यांनी हसत त्यानं आईला हाताला धरून दुर्बिणीपाशी आणलं. साळूबाईनं डोळा लावला आणि झटकन हात जोडले.

"ह्योच का रं तुझ्या राशीला बसलेला?"

"व्हय आई, ह्योच!" तो मजेत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी वाळूजला चकरा मारून तो रिकाम्या हातानं परतला. दुर्बिणीच्या गळ्यात रुईच्या पानांचा हार होता. साळूबाई शेजारी रिकामी बाटली घेऊन बसली होती, चेहरा कसा उजळलेला.



"आज शनिवार ना! नळीतून थेट त्याच्या डोक्यावरच तेल घातलं बघ. आता सोडील तो तुला."