मुंगीची वाक्यं

बाईंनी लाल पेनाने आणखी चार वाक्यं खोडली आणि वही मुंगीच्या हातात दिली.

"नाटक लांबतंय," त्या म्हणाल्या. "पालक कंटाळतात."

मुंगीने पान पाहिलं, मान हलवली आणि रंगमंचावरच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. दहावीतली ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची, म्हणून मुलांनी हे नाव पाडलं होतं. यंदाच्या वार्षिक नाटकासाठी बाईंनी एका जुन्या, गाजलेल्या भयकादंबरीचं रूपांतर केलं होतं. डोंगरावरची हवेली, तिथे आलेली नवी नवरी आणि वरच्या खोलीत कोंडलेली मालकाची बहीण. इस्टेटीसाठी भावाने ती मेल्याचं जाहीर केलेलं. या बहिणीचं काम कुणालाच नको होतं. शेवटच्या अंकात यायचं, तेही केस पिंजारून. ते मुंगीच्या गळ्यात पडलं.

पहिल्या वाचनाला मुंगीने तोंड उघडलं आणि मागे खिदळणारी मुलं गप्प झाली. आवाज मोठा नव्हताच. पण अंगावर काटा आला. नवरी झालेली मुलगी आपलं वाक्य विसरून तिच्याकडे बघत राहिली. बाई एकोणीस वर्षं या शाळेत नाटकं बसवत होत्या, आणि एकोणीस वर्षं त्यांनी अशाच एका क्षणाची वाट पाहिली होती. तो आला, आणि त्यांच्या पोटात दुखलं.

तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत, याच कादंबरीवरच्या नाटकात, त्यांनी याच बहिणीचं काम केलं होतं. चाळीस प्रयोग. प्रत्येक प्रयोगाला घसा फोडून ओरडल्या होत्या. वर्तमानपत्रात त्यांच्या वाट्याला तीन शब्द आले, 'इतर भूमिका ठीक.' पुढच्या दौऱ्याला कंपनीने त्यांना बोलावलं नाही.

मग कात्री सुरू झाली. पहिल्या आठवड्यात बहिणीचं स्वगत गेलं. दुसऱ्यात भावाशी भांडण गेलं. दर वेळी कारण तयार असायचं. कधी वेळ, कधी माइक, कधी मोठ्या बाईंची सूचना. स्टाफरूममध्ये चहा पिताना बाई स्वतःला बजावायच्या, आता पुरे. आणि तालमीत मुंगी उरलेल्या दोन ओळी अशा काही म्हणायची, की पेनाचं टोपण आपोआप निघायचं.

"बाई, तिची वाक्यं मला तरी द्या ना," नवरी एकदा म्हणाली. "उगाच फुकट चाललीत."

बाईंनी तिला दटावलं. मुंगी मात्र कधी कुरकुरली नाही. बाईंना त्याचाही राग यायचा.

प्रयोगाच्या दिवशी मुंगीकडे एकही वाक्य उरलं नव्हतं.

शेवटच्या अंकात वरच्या खोलीचं दार उघडलं. मुंगी जिन्याच्या टोकाशी आली. भाऊ झालेल्या मुलाकडे तिने पाहिलं. तिचे ओठ किंचित हलले आणि थांबले. ती एक पायरी उतरली. पुन्हा थांबली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेतल्या एका वडिलांनी मांडीवरच्या पोरीला जवळ ओढलं. भाऊ झालेला मुलगा दोन पावलं मागे सरकला. तसं काही बसवलेलं नव्हतं. पडदा पडला तरी टाळ्या सुरू व्हायला वेळ लागला.

मोठ्या बाई धावतच विंगेत आल्या. "तिला मुकी ठेवायचं कसं सुचलं हो तुम्हाला? कमाल केलीत!"

"सुचलं," बाई म्हणाल्या. इतके दिवस त्यांना हेवा वाटत होता. आता लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इतर शाळांसाठी प्रयोग होता. सकाळचे दोन्ही तास बाईंनी मुलांना निबंध लिहायला दिला आणि स्वतः बहिणीचं एकेक वाक्य कोऱ्या कागदावर उतरवून काढलं. वही बघावी लागली नाही. सगळं त्यांना पाठ होतं. मधल्या सुट्टीत त्यांनी मुंगीला बोलावून घेतलं.

"आज हे सगळं म्हण," त्या म्हणाल्या. "नाटक लांबत नव्हतं. मला तुझा हेवा वाटत होता. माझं चुकलं."

पंधरा वर्षांच्या मुलीपुढे एवढं बोलताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

मुंगीने खुर्चीत बसून सगळे कागद सावकाश वाचले. मग नीट जुळवून बाईंच्या टेबलावर ठेवले.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "काल एकूण एक वाक्य म्हटलं मी. मनात. सगळ्यांना ऐकू गेलं."